पाखाडी चढता, मग घारापुरीला का घाबरता?

पत्र थोडक्यात: गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून 63 वर्षांच्या बाईंनी लिहिलं आहे. घर, मागचं नारळी-सुपारीचं आगर आणि दोन माणसांचा स्वयंपाक, असा संसार. पहाटे साडेपाचला उठल्यापासून पायाला उसंत नाही. घरापासून गाडीरस्त्यापर्यंत 46 पायऱ्यांची पाखाडी आहे, ती रोज एकदा तरी चढून-उतरून होतेच. उजवा गुडघा दोन वर्षं दुखतो. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, “वयानुसार झीज आहे, चालत राहा.” रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. लेक ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर चौदाव्या मजल्यावर राहते. गेल्या जानेवारीत बाई तिच्याकडे गेल्या, पाच दिवस घरात बसून राहिल्या आणि सहाव्या दिवशी, रविवारी, ‘सगळी मुंबई’ बघायला निघाल्या. सकाळी आठला बाहेर, रात्री दहाला परत. संध्याकाळी एका जिन्यावरून उतरताना गुडघ्याने दगा दिला, टॅक्सीत रडू कोसळलं, पुढचे तीन दिवस अंथरुणात गेले. नातवाने हौसेने आपलं घड्याळ आजीच्या हाताला बांधलं होतं: घरातल्या दिवशी जेमतेम बाराशे पावलं, त्या रविवारी 17,000. आता संक्रांतीनंतर लेक पुन्हा बोलावते आहे, घारापुरी दाखवायची म्हणते. तिने एक नवं घड्याळही पाठवलं आहे. ते रोज दहा हजारांचं लक्ष्य दाखवतं आणि गावी बाईंची होतात चार हजार. यजमान म्हणतात, “झेपत नसेल तर जायचं कशाला?” जावई म्हणतात, व्हीलचेअर घेऊ. बाईंचा प्रश्न: “पाय संपले असं समजून नाही म्हणून टाकू, की सगळ्यांना ओझं होऊन जाऊ?”

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण त्यात आकडे होते. ‘पाय संपले’ हे वाक्य त्या आकड्यांत मला कुठे सापडलं नाही.

बाराशे आणि सतरा हजार हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. चौदापट! पाच दिवस दावणीला बांधून ठेवलेला बैल सहाव्या दिवशी एकदम नांगराला जुंपला आणि संध्याकाळपर्यंत सोडलाच नाही, तर तो बसेल की नाही? तो म्हातारा झाला असं कोणी म्हणणार नाही, जुंपणाऱ्यालाच चार शब्द ऐकवतील. तुमच्या बाबतीत मात्र सगळा दोष गुडघ्याच्या माथी मारला गेला, आणि तो मारण्यात तुम्हीच पुढे आहात. झीज आहे हे खरं. पण ती त्या रविवारी सकाळी आठला होती तेवढीच रात्री दहालाही होती. एका दिवसात गुडघा झिजत नाही. पाच दिवस आखडलेल्या सांध्यावर एकदम भार पडला, म्हणून तो चिडला. मी चिपळुणात बरीच वर्षं फिजिओथेरपीचं काम केलं. दर जानेवारी-फेब्रुवारीत आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर मुंबई-पुण्याहून परतलेल्या अशा बायका माझ्याकडे हमखास यायच्या. सगळ्यांची गोष्ट एकच: लेकीकडे, सुनेकडे ‘आई, तू बस’ आणि मग एक दिवस देवदर्शनापासून चौपाटीपर्यंत सगळं.

आता त्या दहा हजारांचं बघू, कारण तुम्ही ते नापास झाल्यासारखं लिहिलं आहे. हा आकडा कुठल्या डॉक्टराने काढलेला नाही. 1964 साली टोकियोत ऑलिंपिक झालं आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिथे पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. ती जाहिरात होती, आणि आकडा गोल असल्यामुळे जगाच्या तोंडी बसला. पुढे शास्त्रज्ञांनी खरंच मोजमाप केलं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 16,700 बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय 72. रोज 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण 41 टक्के कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. केवळ चालल्यामुळेच असं झालं, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण दहा हजार झाली नाहीत म्हणून झोपताना जीवाला लावून घेण्याचं कारण नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

शिवाय मनगटावरचं घड्याळ हात हलला की पाऊल धरतं. तुम्ही कमरेवर कळशी घेऊन किंवा दोन्ही हातांत शहाळी धरून आगरातून येता तेव्हा हात स्थिर असतो, त्यामुळे त्यातली बरीच पावलं त्या घड्याळाच्या हिशेबातच येत नाहीत. तुमची चार हजार ही प्रत्यक्षात जास्तच असणार.

एवढं कौतुक झाल्यावर एक खोडही काढते. “दिवसभर कामातच असते, वेगळा व्यायाम कशाला?” असं तुम्ही ओघात लिहून गेला आहात. कोकणातली प्रत्येक बाई हे म्हणते, माझी आईही म्हणायची. काम आहे, कष्ट आहेत, ते कमी लेखत नाही. पण एक दिवस स्वतःकडे परक्याच्या नजरेने बघा. केर काढताना कमरेतून वाकलेल्या. मोरीत उकिडव्या. विळीवर एक गुडघा उभा, एक आडवा. आणि सध्याच्या दिवसांत तर खळ्यात सुपारी वाळत असणार, म्हणजे ती सोलायला दोन-दोन तास एकाच जागी मांडी घालून. यात वाकणं आहे, उचलणं आहे, बसणं आहे. सलग दहा मिनिटं ताठ मानेने, हात मोकळे सोडून चालणं कुठे आहे? मुंबईत नेमकं तेच लागतं. आणि जिना उतरताना शरीराचा भार हळूहळू खाली सोडणारे मांडीच्या पुढचे स्नायू, त्यांना एक पाखाडी सोडली तर या दिवसभरात वेगळं काम मिळतच नाही. म्हणून चढताना तुम्हाला काही होत नाही आणि उतरताना गुडघा दगा देतो.

आज रात्री जेवणाआधी एक गंमत करा. पडवीतली साधी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. (झोपाळ्यावर नको, तुम्ही कोकणातल्या आहात म्हणून सांगते.) हात छातीशी आडवे घ्या, पूर्ण उभ्या राहा, पुन्हा बसा. यजमानांना घड्याळ लावायला सांगा. 30 सेकंदांत किती वेळा जमतं? साठी ते चौसष्टीच्या बाईला निदान 12 वेळा जमायला हवं, त्याखाली आकडा आला तर पायांत ताकद कमी आहे असं धरतात. तुमचे आठ आले तरी घाबरू नका, आठ हीच सुरुवात. हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही, तर खुर्चीवर एक जाडसर घडीचं घोंगडं टाकून ती उंच करा आणि तिथून सुरू करा.

ही परीक्षाच तुमचा पहिला व्यायामही आहे. सकाळी दहा, संध्याकाळी दहा, सावकाश. उठताना वेग चालेल, बसताना मात्र मनात चार आकडे मोजत खाली यायचं. धप्पकन बसायचं नाही, कारण जिना उतरण्याची रंगीत तालीम त्या हळू बसण्यात आहे. दुसरा व्यायाम खुर्चीवर बसूनच: पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे धरून ठेवायचा, खाली. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, दुखऱ्याला आधी. तिसरा स्वयंपाकघरात, ओट्याला धरून: टाचा उचलायच्या, चवड्यांवर उभं राहायचं, हळूच खाली. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई तो दूध तापायला ठेवलं की करायच्या. दूध वर आलं की व्यायाम संपला. वर्षभरात त्यांचं दूध एकदाही उतू गेलं नाही, ही त्यांच्या सुनेची साक्ष.

तोल सांभाळायचा सराव हवा असेल तर ओटा धरूनच एका पायावर दहा आकडे. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम अशी आहे. 65 च्या पुढच्यांना तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगितले आहेत. तुम्ही दोन वर्षं आधी सुरुवात केलीत तर कोणी अडवणार नाही.

दुखणं किती चालवून घ्यायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला आहे. थोडं दुखू द्या. व्यायाम करून आलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं तर बरोबर चाललं आहे. सकाळी उठल्यावर कालपेक्षा जास्त ठणकत असेल, सूज असेल, तर निम्मं करा. बंद नाही, निम्मं. गुडघा लाल होऊन गरम लागला आणि अंगात ताप आला, गुडघा मध्येच अडकून सरळच होईना, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा चालताना छातीत दडपण आलं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर मात्र माझा सल्ला बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणखी एक: घोट्याजवळ सूज येते असं तुम्ही लिहिलं आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी घोटे सुजतात. ती गोळी मनाने बंद करायची नाही, पण पुढच्या वेळी डॉक्टरांना पाकीट दाखवून विचारा. आणि मुंबईला जाताना ‘असू देत’ म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी न्यायची नाही. रक्तदाब असलेल्या माणसाने ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आता चालणं. तुमच्यापासून समुद्र जवळ आहे आणि तुम्ही तिथे शेवटच्या कधी गेला होता ते तुम्हाला आठवत नाही, हे वाचून मला हसू आलं. पाहुणे आले की जायचं, एरवी समुद्र आपला शेजारी! मुंबईला निघण्याआधीचे हे सहा आठवडे जा. पण भुसभुशीत कोरड्या वाळूतून नको. तिथे पाऊल रुततं आणि ताकद जवळजवळ दुप्पट लागते, तुमच्या गुडघ्याला ती आत्ता नको. ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू गाठायची. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘रोज सकाळी सहाला’ असा नेम किनाऱ्यावर टिकत नाही. ज्या आठवड्यात सकाळी पाणी वर असेल त्या आठवड्यात संध्याकाळी जा, नाहीतर वाडीतल्या सपाट रस्त्याने. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून जेवढं एका बाजूला जाल तेवढंच उलट यायचं. म्हणजे दोन्ही पायांना सारखं.

पहिल्या आठवड्यात सलग दहा मिनिटं, बस. दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्यात सलग अर्धा तास जमला की तुमची मुंबईची तयारी झाली. वेग किती? बरोबरच्या बाईशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. आगरात शिंपणं असलं किंवा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा उपास असला तर त्या दिवशी पडवीतच येरझाऱ्या घाला. पुढच्या पावसाळ्यात पाखाडीवर शेवाळ धरलं की हीच पडवी कामाला येईल.

आणि घरातलं बसणं थोडं वर उचला. सुपारी सोलायला पाटाऐवजी स्टूल, समोर दुसऱ्या स्टुलावर टोपली. भाजी ओट्यावर उभं राहून चिरा. जमिनीवर बसणं कायमचं सोडा असं मी म्हणत नाही. खाली बसून परत उठता येणं ही म्हातारपणातली मोठी दौलत आहे, ती घालवू नये. पण हा गुडघा शांत होईपर्यंत उकिडवं बसणं आणि एकाच जागी तासन्‌तास मांडी घालणं टाळा. दर अर्ध्या तासाने उठून आगराच्या पायरीपर्यंत जाऊन यायचं. कोंबड्या हाकलायचं निमित्त तुम्हाला आहेच.

घारापुरीची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती. तिथे लेण्यांपर्यंत साधारण 120 पायऱ्या आहेत. तुमची पाखाडी 46 पायऱ्यांची. आकडेमोड मीच करते: पाखाडी अडीच वेळा चढलात की घारापुरीत पोचलात. आणि पाखाडी तुम्ही बाजाराची पिशवी घेऊन चढता, तिथे हातात फार तर पाण्याची बाटली. चौथ्या आठवड्यापासून एक दिवसाआड पाखाडी दोनदा करून बघा, मध्ये बसून, घाई न करता. चढताना चांगला पाय आधी वर टाकायचा, उतरताना दुखरा पाय आधी खाली. एका हाताने कठडा, कठडा नसेल तिथे काठी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची, म्हणजे तुमच्या डाव्या हातात. दहातली नऊ माणसं ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.

धक्क्यापासून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी असते. पोरंटोरं हौसेने बसतात, तुम्ही जाताना आणि येताना दोन्ही वेळा बसा. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, तिथे माळा बघायच्या निमित्ताने थांबता येतं. गेटवेहून बोटीला साधारण तास लागतो. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने गेलेल्या बाईला बोटीचं मी काय सांगणार? फक्त गेटवेला बोट हलत असताना पाय टाकावा लागतो, तेव्हा साडीचा काठ हातात आणि दुसरा हात खलाशाच्या हातात. घारापुरी सोमवारी बंद असते. रविवारी गर्दी फार. लेकीला एक दिवस रजा काढता आली तर मंगळवार किंवा बुधवार, सकाळची लवकरची बोट, म्हणजे उतरताना उन्हाचा तडाखा नको. सहा मीटरच्या आसपास उंचीच्या त्या महेशमूर्तीसमोर बसून राहायला मिळालं तर पायऱ्यांचं काही वाटत नाही. त्या दिवशी दुसरं काहीही बघायचं नाही.

हेच खरं मुंबईचं गणित आहे. चालण्यापेक्षा माणूस तिथे उभं राहून जास्त दमतो. म्युझियममध्ये चार पावलं चालायचं, थांबायचं, पाटी वाचायची, पुन्हा चार पावलं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात, नुसतं उभं राहिलं की ते काम मंदावतं, पाय जड होतात, कंबर धरते. म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात तर सगळा वाडा पालथा घालायचा नाही. आत शिरतानाच ठरवा, आपल्याला दोन दालनं बघायची आहेत. मूर्ती आवडतात? मग मूर्ती. प्रत्येक बाकाला मान द्या, मिळेल तिथे बसा, बसून बघा. राणीची बाग याला फार सोयीची आहे. 1862 पासूनची ती बाग, मोठी जुनी झाडं, सावली, बसायला जागा, आणि दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. ही दोन्ही बुधवारी बंद असतात. नातवाला पेंग्विनच बघायचे असतील तर तो आणि आजोबा रांगेत उभे राहतील, तुम्ही झाडाखाली त्यांच्या पिशव्या सांभाळा. मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरहून थोडा लांब आहे. तो चालायचा असतो असं कोणी सांगितलं? कट्ट्यावर बसायचं, सूर्य बुडाला की उठायचं.

दिवसाचा आराखडा साधा ठेवा: एका दिवशी दोनच ठिकाणं, दुपारचं जेवण बसून, आणि पाय कुरकुरायच्या आधी घराकडे. हातचं राखून चालायचं, कारण परतीचा प्रवास तुमच्याच पायांनी करायचा असतो. गेल्या वर्षी तुम्ही जिन्यावर अडखळलात ती वेळ संध्याकाळची होती, हे तुम्हीच लिहिलं आहे. मोठ्या दिवसानंतरचा दिवस हलका, पण झोपून नाही.

ठाण्याहून लोकलने जाणार असाल तर ठाण्याहूनच सुटणारी धीमी गाडी बघा, अकराच्या पुढची, बसायला मिळतं. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच बोरीबंदर-ठाणे मार्गावर धावली, 34 किलोमीटर. तेवढं अंतर बसून आलात की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बाहेरून बघायला पाय ताजे असतात. उठायच्या दोन स्टेशनं आधी बसल्या जागीच पाय सरळ-वाकडे करून घ्या, आखडलेला गुडघा पहिल्या पावलालाच ओरडतो. कोकण रेल्वेने जातानाही दर तासाला डब्यात एक फेरी. स्टेशनवर लिफ्ट असेल तर लिफ्टच. सरकत्या जिन्यात माझ्या साडीचा काठ एकदा गेला होता, मागच्या मुलाने वेळेवर लाल बटण दाबलं म्हणून मी आज हे लिहिते आहे. तेव्हापासून निऱ्या वर खोचल्याशिवाय मी त्यावर पाय ठेवत नाही.

बुटांचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. मुंबईला जायचं म्हणून नवीन चपला घेतल्या असं लिहिलं आहे. त्या परत कपाटात ठेवा. जाड, मऊ तळाचे, मागून टाच धरणारे बूट किंवा पट्ट्याच्या सँडल आजच घ्या आणि महिनाभर वाडीत वापरा. साडीवर बूट बघून चार दिवस बायका हसतील. पाचव्या दिवशी कुठून घेतले म्हणून विचारतील.

पाणी. बायका बाहेर पडल्या की पाणी पीत नाहीत, याचं कारण आपल्या दोघींना माहीत आहे, पुरुषांना सांगावं लागतं. घसा कोरडा ठेवून उन्हात फिरलं की पोटरीत गोळे येतात, डोकं गरगरतं, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आणखीच. म्हणून ठिकाणं निवडताना लेकीला स्पष्ट सांगा: जिथे स्वच्छतागृह आहे त्या क्रमाने जायचं. तिकीट काढून आत जातो अशी संग्रहालयं, बसून जेवायची हॉटेलं, मोठी दुकानं. हे ठरलं की माणूस निर्धास्त पाणी पितो.

पण ताई, या सगळ्याहून महत्त्वाचं काम चौदाव्या मजल्यावर आहे. मूळ दुखणं तिथेच सुरू झालं. ‘आई, तू बस’ याला प्रेमानेच नाही म्हणायचं. एक काम आपलं म्हणून मागून घ्या, ज्यात उठबस आहे: कपडे वाळत घालणं, खाली जाऊन भाजी आणणं, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं. त्यांचा सोफा खोल आहे, त्यात गुडघा कमरेच्या वर जातो आणि उठताना सगळा भार त्याच्यावर येतो. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून घ्या आणि मालिका तिच्यावर बसून बघा, जाहिराती लागल्या की उभ्या राहा. इमारतीच्या जिन्याचा एक छान उपयोग आहे: एक-दोन मजले जिन्याने वर चढायचं आणि खाली लिफ्टने यायचं. चढणं ताकद देतं, उतरण्याचा त्रास नाही. सकाळ-संध्याकाळ इमारतीच्या आवारात वीस-वीस मिनिटं. एखाद्या दुपारी यजमानांबरोबर रिक्षाने तलावपाळी गाठा, मासुंदा तलावाला सावकाश एक फेरी, कौपिनेश्वराचं दर्शन, परत. रविवारची वाट बघायची गरजच नाही.

यजमानांविषयी एकच. तुम्ही लिहिलं आहे की ते नेहमी वीस पावलं पुढे चालतात आणि वळून “चल की” म्हणतात. हा अंक त्यांच्या हाती पडेलच, म्हणून इथेच लिहिते: भाऊ, तुम्ही मागे चाला. पुढच्या माणसाला गाठायच्या नादात बायका आपली चाल सोडतात आणि पडतात.

राहिली व्हीलचेअर. तुम्हाला तो शब्द लागला, हे कळतं. जावयांनी हेतू वाईट ठेवून म्हटलं नसावं. त्यांना तो टॅक्सीतला रडवेला चेहरा आठवत असेल. मला विचाराल तर आत्ता तिची गरज दिसत नाही. गरज असेल त्याने खुशाल वापरावी, मोठ्या संग्रहालयात मागितली तर मिळूही शकते, त्यात कमीपणा कसला? घारापुरीला पायऱ्यांसाठी डोलीवाले असतात. मध्यावर पाय नाही म्हणाले तर बसा डोलीत, पण भाव चढण्याआधी ठरवा.

‘ओझं’ हा शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला. गेल्या वर्षी दुपारी तीनलाच गुडघा बोलू लागला होता, तुम्ही सांगितलंत सातला, तेही रडून. चार तास तुम्ही सगळ्यांची मजा जाऊ नये म्हणून गप्प राहिलात, आणि मग तीन दिवस लेकीने रजा काढून तुम्हाला गरम पिशव्या दिल्या. तीनला ‘मला बसायचंय’ म्हणाला असता तर किती खर्च आला असता? एक चहा.

तेव्हा लेकीला फोन करा. संध्याकाळी आठनंतर, ती लोकलमधून उतरून घरी पोचलेली असेल तेव्हा. तोंडाने सुचणार नाही असं वाटलं तर हे समोर ठेवा: “बाय, मी येते. यंदा नऊ दिवस राहीन. एका दिवशी दोनच जागा, दुपारी जेवून घरी. घारापुरीला एक दिवस तू रजा काढ, सोमवार सोडून. मला बसायचंय म्हटलं की बसायचं, कोणी ‘अजून थोडंच’ म्हणायचं नाही. आणि तुझ्याकडचे कपडे मीच वाळत घालणार.”